सापडलेले लॉटरीचे तिकीट कोणाचे? कौटिल्यापासून दंडसंहितेपर्यंत
#धागा

१/ एसटी स्थानकाच्या बाकाखाली तुम्हाला लॉटरीचे एक तिकीट सापडले. सोडत उद्या आहे. तिकीट तुम्ही खिशात ठेवले आणि नेमके त्यालाच पहिले बक्षीस लागले. ही रक्कम कोणाची? 'ज्याला सापडले त्याचे' हे उत्तर सहज ओठांवर येते. परंतु दोन हजार वर्षांच्या विधिविचाराने ते फारसे मान्य केलेले नाही. प्रस्तुत धाग्यात त्याचाच मागोवा घेऊ.

२/ आरंभ कौटिलीय अर्थशास्त्रापासून. हरवून सापडलेली वस्तू शुल्कस्थानी, म्हणजे जकातनाक्यावर, ठेवावी आणि तीन पक्ष मालकाची वाट पाहावी, असे त्याच्या तिसऱ्या अधिकरणात सांगितले आहे. दीड महिन्यात कोणी आले नाही, तर ती राजाची.

३/ मालक आला तर त्याने सोडवणुकीचे शुल्क द्यायचे. एकखुरी जनावरासाठी ४ पण, गाय-म्हशीसाठी २ पण, लहान जनावरासाठी पाव पण आणि रत्ने वा इतर मालासाठी शेकडा ५. हरवलेल्या वस्तूंचा व्यवहार त्या काळी इतका नित्याचा होता, की त्याचे दरपत्रक लिहून ठेवावे लागले.

४/ मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ही मुदत तीन वर्षांची आहे. तोवर राजा वस्तूचा रक्षक आहे. मालकाला ती परत देताना सहावा, दहावा किंवा बारावा हिस्सा त्याने घ्यावा. ध्यानात घ्या, हा हिस्सा राखणदारीचा आहे आणि तो राजाचा आहे. सापडणाऱ्याला वस्तू आपोआप मिळत नाही.

५/ याच अध्यायातील दुसरा नियम आजही उपयोगी पडावा असा आहे. 'ही वस्तू माझी' म्हणणाऱ्याला तिचे रूप, संख्या, हरवल्याचे स्थळ आणि काळ विचारावा. खूण पटली तर वस्तू द्यावी. खोटा दावा करणाऱ्याला वस्तूच्या किमतीएवढा दंड करावा.

६/ याज्ञवल्क्यस्मृतीत मात्र मुदत एक वर्षाची आहे. तीन वर्षे की एक, ही विसंगती टीकाकारांना सोडवावी लागली. त्यांपैकी विज्ञानेश्वर आपल्या जवळचा. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्य सहाव्याच्या (१०७६–११२६) काळात त्याने 'मिताक्षरा' लिहिली. पुढे मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू कायद्यासाठी तिचाच आधार घेतला.

७/ आता रोमकडे वळू. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा विधिज्ञ उल्पियन याचे मत अधिक कठोर आहे. दुसऱ्याची पडलेली वस्तू लाभाच्या हेतूने उचलणे म्हणजे चोरी. मालक कोण हे ठाऊक नसले तरीही चोरीच! मालकाने ती मुद्दाम टाकून दिली असेल, तरच चोरीचा प्रश्न उरत नाही.

८/ उल्पियन त्या काळची एक रीतही सांगतो. वस्तू सापडलेले लोक जाहीर सूचना लावत, 'अमुक सापडले आहे, मालकाने घेऊन जावे.' असा माणूस चोर नव्हे. मग त्याने शोधल्याचे बक्षीस मागितले तर? तीही चोरी नव्हे, परंतु मागणे शोभणारे नाही, असा त्याचा निर्वाळा. जे गुन्हा नाही ते शोभतेच असे नाही, हा भेद त्याने तेव्हाच टिपला होता.

९/ इस्लामी विधिशास्त्रात सापडलेल्या वस्तूला 'लुकता' म्हणतात. वस्तूची पिशवी व तिचे बंधन नीट पाहून ठेवावे आणि वर्षभर लोकांत पुकारा करावा, असा हदीसमधील दंडक आहे. खूण आणि मुदत या दोन्ही गोष्टी इथेही आहेतच.

१०/ मग 'सापडले त्याचे' या समजुतीला बळ कुठून मिळाले? बहुधा १७२२ च्या एका इंग्रज खटल्याच्या अर्धवट आठवणीतून. लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या एका पोराला रत्नजडित दागिना सापडला. किंमत करून घेण्यासाठी तो सोनाराकडे गेला. तिथल्या उमेदवाराने खडे काढून घेतले आणि सोनाराने पोराच्या हातावर दीड पेनी टेकवू पाहिली. पोराने नकार दिला.

११/ 'आर्मरी विरुद्ध डेलामिरी' या नावाने हा खटला प्रसिद्ध आहे. न्यायालयाने निकाल पोराच्या बाजूने दिला. सापडणाऱ्याचा हक्क साऱ्या जगाविरुद्ध टिकतो. फक्त खऱ्या मालकाविरुद्ध टिकत नाही. लोकांनी पहिले अर्धे वाक्य लक्षात ठेवले आणि दुसरे सोयीस्करपणे विसरून गेले.

१२/ भारतात हा विचार १८६० च्या दंडसंहितेत आला. कलम ४०३, अप्रामाणिकपणे मालमत्ता आत्मसात करणे. सापडलेली वस्तू राखण्यासाठी वा परत देण्यासाठी घेतली, तर गुन्हा नाही. परंतु मालक शोधण्याचे वाजवी प्रयत्न करण्याआधी आणि वाजवी काळ थांबण्याआधी ती आपलीशी केली, तर गुन्हा आहे. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत ही तरतूद कलम ३१४ मध्ये आहे.

१३/ या कलमाखालील उदाहरणे वाचनीय आहेत. हमरस्त्यावर रुपया सापडला आणि तो कोणाचा हे ठाऊक नाही, तर उचलणारा गुन्हेगार नाही. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली, तर मात्र तो गुन्हेगार आहे.

१४/ आपल्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचे उदाहरण धनादेशाचे. जो आणील त्याला पैसे मिळावेत असा धनादेश सापडला. तो कोणी हरवला याचा अंदाज नाही. परंतु तो काढणाऱ्याचे नाव त्यावर आहे आणि त्याच्याकडून पुढचा धागा मिळू शकतो. हा प्रयत्न न करता धनादेश आपलासा करणारा दोषी ठरतो.

१५/ लॉटरीचे कागदी तिकीट असेच. त्यावर खरेदीदाराचे नाव छापलेले नसते, पण क्रमांक असतो. कधी मागे विक्रेत्याचा शिक्का असतो, कधी कोणाची सही. 'मालक कळण्याचा मार्गच नव्हता' असे म्हणण्याआधी तिकीट उलटून पाहणे हे किमान कर्तव्य होय.

१६/ १८७२ च्या करार कायद्याने सापडणाऱ्यालाही थोडा न्याय दिला. वस्तू ताब्यात घेतली, की कलम ७१ प्रमाणे त्याच्यावर विश्वासाने ठेव सांभाळणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. मात्र जपणुकीचा आणि मालक शोधण्याचा खर्च मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल, तर त्यासाठी दावाही लावू शकतो (कलम १६८).

१७/ पण तिकीट म्हणजे नेमके काय? केरळने १९६७ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली. पुढे विक्रीकराच्या वादात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये तिकिटातील सोडतीत भाग घेण्याचा हक्क 'माल' ठरला. २००६ मध्ये घटनापीठाने ते मत बदलले. तिकीट म्हणजे बक्षिसाच्या संधीवरचा दावा, कागदाला स्वतंत्र मोल नाही.

१८/ वाद कराचा असला, तरी नीतीच्या प्रश्नावर त्यातून प्रकाश पडतो. खरेदीदाराने पैसे मोजले ते संधीसाठी. बाकाखाली कागद पडला तेव्हा संधीही हरवली, पण ती त्याने सोडून दिलेली नव्हती. 'मला सापडले तेव्हा त्याची किंमत दहावीस रुपयेच होती' हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा पडतो.

१९/ दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. 'मी उचलले नसते, तर ते केरात गेले असते आणि बक्षीस कोणालाच मिळाले नसते.' हे खरे आहे. परंतु यातून सिद्ध होतो तो श्रमाच्या मोबदल्याचा हक्क. बुडणारी होडी काठाला लावणाऱ्याला बिदागी द्यावी. होडी त्याच्या नावावर होत नाही.

२०/ खरा पेच सोडतीनंतरचा. निकाल चुकीचा वाचून एखाद्याने तिकीट फाटके समजून टाकले आणि ते तुम्ही उचललेत. त्याने ते टाकले हे खरे, पण बक्षीस टाकण्याचा त्याचा हेतू होता का? त्याग जाणीवपूर्वक असावा लागतो, असे मानले तर त्याचा हक्क उरतो. फेकणारा आपल्या निष्काळजीपणाचे फळ भोगो, असे मानले तर तुमचा. इथे प्रामाणिक माणसांतही मतभेद होऊ शकतात.

२१/ आणखी एक अडचण काळाची. मनूचा राजा तीन वर्षे थांबू शकत होता. लॉटरीच्या बक्षिसाच्या दाव्याला मात्र मुदत असते. नुसते जपून ठेवले, तर मालकाचेच नुकसान. म्हणून विक्रेता, लॉटरी कार्यालय किंवा पोलीस ठाणे यांपैकी कोणाला तरी लगेच लेखी कळवणे, हाच इथला 'वाजवी प्रयत्न'.

२२/ जाहिरात द्यायची झाली, तर क्रमांक मात्र झाकून ठेवावा. कोणी 'माझे' म्हणत आले की क्रमांक, दुकान आणि दिवस विचारावा. मनूने सांगितलेली रूप, संख्या, स्थळ आणि काळ यांची परीक्षा ती हीच.

२३/ सारांश, कौटिल्य, उल्पियन, हदीस आणि दंडसंहिता यांच्या शिक्षा वेगळ्या, मुदती वेगळ्या. पण सापडणाऱ्याला सर्वांनी आधी राखणदार मानले. शोध मनापासून झाला आणि कोणीच आले नाही, तरच तो पुढे लाभार्थी होऊ शकतो. क्रम उलटला, की राखणदाराचा चोर होतो.

२४/ आता तुमचे मत सांगा. विसाव्या मुद्द्यातील तिकीट तुम्हाला सापडले असते, तर टाकणाऱ्याचा शोध घेतला असता का? कारणासह लिहा. धागा उपयुक्त वाटला, तर इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत पोहोचवा.