पांढऱ्या पेशींची ओळख

मनुष्याच्या रक्ताचा एक थेंब कांचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवला, म्हणजे तांबड्या पेशींच्या दाट गर्दींत मधूनमधून कांहीं पांढऱ्या पेशी दिसतात. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तांत त्यांची संख्या सुमारें ४ ते ११ हजार असते. शरीरावर चालून येणाऱ्या रोगजंतूंशीं झुंजणारी सेना ती हीच. या सेनेंत लिंफोसाइट नांवाची एक जात आहे. आकार वाटोळा, मध्यें मोठें केंद्रक आणि त्याभोंवतीं पातळशी कड. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी! यांपैकीं हुकूम सोडणारी कोणती, शत्रूचा वध करणारी कोणती आणि शस्त्रें घडविणारी कोणती, हें नुसतें पाहून कोणासहि सांगतां येत नसे. या पेशींची ओळख पटविणारें साधन मनुष्याच्या हातीं कसें आलें, हा आधुनिक वैद्यकाच्या इतिहासांतील एक मोठा मनोरंजक आणि तितकाच गंभीर भाग आहे.

पेशी ओळखण्याचा पहिला मोठा प्रयत्न जर्मनींतील पॉल एर्लिख यानें केला. कापड रंगविण्यासाठीं निघालेले नवे रंग १८७९ च्या सुमारास त्यानें रक्तावर लावून पाहिले, आणि निरनिराळ्या पांढऱ्या पेशी निरनिराळे रंग घेतात असें त्याला आढळलें. पण लिंफोसाइटांच्या बाबतींत ही युक्ति थिटी पडली. रंग लावूनहि त्या सर्व एकसारख्याच दिसत. पुढें १८९० मध्यें बर्लिन येथें बेरिंग व किटासाटो यांनीं दाखवून दिलें कीं, धनुर्वाताचें विष थोडथोडें टोंचलेल्या प्राण्याच्या रक्तांत त्या विषाचा प्रतिकार करणारें द्रव्य उत्पन्न होतें, आणि तें दुसऱ्या प्राण्यास दिलें असतां त्याचेंहि रक्षण होतें. हेंच द्रव्य पुढें प्रतिपिंड या नांवानें प्रसिद्ध झालें. प्रतिपिंडाचा विशेष असा कीं, ज्या पदार्थाविरुद्ध तें निर्माण झालें, त्यालाच तें जाऊन चिकटतें. कुलुपाला किल्ली बसावी, तसा हा प्रकार आहे. मग रोग बरा करणारें हें द्रव्य पेशी ओळखण्याच्या कामीं कां लावूं नये? अमेरिकेंत अल्बर्ट कून्स यानें १९४१ मध्यें प्रतिपिंडाला चमकणारें रंगद्रव्य जोडून हा मार्ग खुला केला. प्रतिपिंड जेथें चिकटेल, तेथें विशिष्ट प्रकाशांत तेज दिसूं लागलें.

इकडे त्या एकसारख्या पेशींचें कोडेंहि हळूहळू उकलत होतें. लंडनमध्यें जॅक मिलर यानें १९६१ मध्यें नवजात उंदरांच्या छातींतील थायमस नांवाची ग्रंथि काढून टाकली. तोंवर ही ग्रंथि निरुपयोगी समजली जात असे; परंतु ती गेल्यावर त्या उंदरांची प्रतिकारशक्तीच खालावली. पुढें १९६५ मध्यें अमेरिकेंत मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनीं कोंबड्यांवर प्रयोग करून लिंफोसाइटांचीं दोन स्वतंत्र कुळें असल्याचें सिद्ध केलें. थायमसमध्यें वाढणाऱ्या त्या टी-पेशी आणि प्रतिपिंडें तयार करणाऱ्या त्या बी-पेशी. मेंढीच्या तांबड्या पेशींत मिसळल्या असतां मनुष्याच्या टी-पेशींभोंवतीं त्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या जमतात, असें दिसून आल्यावर टी-पेशी निवडून काढतां येऊं लागल्या. पण खुद्द टी-पेशींतील पोटजाती? तेथें पुन्हां अंधारच होता.

अडचण अशी होती कीं, प्राण्याला टोंचून काढलेल्या रक्तद्रवांत एकच प्रतिपिंड नसतें; शेंकडों तऱ्हांच्या प्रतिपिंडांची ती खिचडी असते. एका सशाचा द्रव दुसऱ्या सशाच्या द्रवाशीं जुळत नसे, आणि तो ससा मेला म्हणजे त्याच्याबरोबर तें साधनहि संपे. हवें होतें एकाच जातीचें, शुद्ध आणि न संपणारें प्रतिपिंड.

तें निर्माण झालें इंग्लंडांत केंब्रिज येथें. सेझार मिलस्टीन हा मूळचा अर्जेंटिनाचा. त्याचा जन्म १९२७ चा. मायदेशीं लष्करी बंडाळीनंतर संस्थेंतील त्याच्या सहकाऱ्यांवर गदा आली, तेव्हां त्यानें राजीनामा दिला आणि तो केंब्रिजला परतला. त्याच्या हाताखालीं जॉर्जेस कोहलर हा तरुण जर्मन संशोधक येऊन दाखल झाला. दोघांनीं योजलेली युक्ति साधी, पण विलक्षण होती. प्रतिपिंड घडविणारी बी-पेशी काचपात्रांत थोड्याच दिवसांत मरते. उलट कर्करोगाची पेशी अमर्याद वाढत राहते. या दोघींचा संयोग केला, तर एकीचें कसब आणि दुसरीचें दीर्घायुष्य अशा दोहोंचा वारसा त्यांच्या संततीस मिळेल! उंदराच्या प्लीहेंतील पेशी आणि उंदराच्याच अर्बुदांतील पेशी त्यांनीं एकत्र केल्या. त्या अशा पोषकद्रवांत ठेवल्या कीं, नुसती अर्बुदपेशी तेथें जगूं शकत नसे. प्लीहेची पेशी आपोआपच मरे. तगे ती केवळ संयोगांतून झालेली पेशी. अशा एकाच पेशीची संतति वेगळी वाढविली, म्हणजे तिचें प्रत्येक अपत्य तेंच एक प्रतिपिंड स्रवूं लागे. हा शोध ७ ऑगस्ट १९७५ च्या ‘नेचर’ साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. या युक्तीवर एकस्व घेतलें गेलें नाहीं, आणि मागेल त्या प्रयोगशाळेस मिलस्टीन आपल्या पेशी पाठवीत राहिला. १९८४ चें नोबेल पारितोषिक या दोघांना नील्स येर्ने याच्यासह मिळालें.

आतां कोड्याची किल्ली हातीं आली होती. अमेरिकेंत पॅट्रिक कुंग, गिडिअन गोल्डस्टीन, एलिस राइनहर्झ आणि स्टुअर्ट श्लॉसमन यांनीं मनुष्याच्या टी-पेशी उंदरांना टोंचून ही रीत चालविली, आणि १९७९ मध्यें ‘ओकेटी’ या मालिकेंतील प्रतिपिंडें पुढें मांडलीं. त्यांपैकीं ‘ओकेटी ३’ हें बहुतेक सर्व परिपक्व टी-पेशींना चिकटे. ‘ओकेटी ४’ मात्र इतर पेशींना मदत करणाऱ्या, त्यांना कामाला लावणाऱ्या टी-पेशींनाच निवडून काढी, आणि ‘ओकेटी ८’ मारक पेशींच्या गटाला. याच सुमारास लेनर्ड हर्झेनबर्ग व त्याचे सहकारी यांनीं स्टॅनफर्ड येथें बनविलेलें यंत्र सेकंदाला हजारों पेशी प्रकाशकिरणांपुढून एकेक नेऊन त्यांची गणती करूं लागलें होतें. पूर्वीं ज्या पेशी एका चेहऱ्याच्या वाटत, त्यांची आतां जातवार शिरगणती होऊं लागली.

नवें साधन आलें, म्हणजे नवा गोंधळहि येतो. जो तो आपापलें प्रतिपिंड बनवी आणि त्याला आपल्या मर्जीचें नांव देई. पेशीवरील एकाच खुणेला एक प्रयोगशाळा ‘टी ४’ म्हणे, तर दुसरी ‘ल्यू ३’. हा घोटाळा मिटविण्यासाठीं १९८२ मध्यें पॅरिस येथें आंतरराष्ट्रीय सभा भरली. निरनिराळ्या देशांचीं प्रतिपिंडें शेजारीं शेजारीं ताडून पाहण्यांत आलीं, आणि जीं एकाच खुणेला चिकटतात त्यांना ‘सीडी’ हीं अक्षरें व एक क्रमांक देण्याचें ठरलें. तेव्हांपासून ‘ओकेटी ४’ ज्या खुणेला चिकटतें ती ‘सीडी ४’ झाली. आज अशा क्रमांकांची संख्या तीनशेंच्या वर गेली आहे.

या साधनाची खरी कसोटी मात्र त्यापूर्वींच, १९८१ मध्यें लागली होती. लॉस एंजेलिस येथें कांहीं तरुण पुरुष एका विरळा न्यूमोनियानें आजारी पडले. धडधाकट माणसाला सहसा न होणारा हा रोग त्यांना कां व्हावा, हें कळेना. मायकेल गॉटलिब व त्याचे सहकारी यांनीं नव्या प्रतिपिंडांच्या साहाय्यानें त्यांचें रक्त तपासलें, तों मदतनीस टी-पेशी जवळजवळ नाहींशाच झालेल्या! अशा पांच रुग्णांची हकीकत ५ जून १९८१ रोजीं प्रसिद्ध झाली. एड्स या रोगाची जगाला मिळालेली ही पहिली वर्दी. हीच प्रतिपिंडें चार-पांच वर्षें उशिरा झालीं असतीं, तर सेनेंतील नेमकी कोणती तुकडी गारद झाली, हें ताबडतोब सांगणें कठीण झालें असतें. रोगाचा विषाणु १९८३ मध्यें पॅरिस येथें सांपडला. पुढच्याच वर्षीं लंडन व पॅरिस येथील संशोधकांना आढळलें कीं, सीडी ४ च्या खुणेवर प्रतिपिंडाचें झांकण बसविलें, तर विषाणूला पेशींत शिरतां येत नाहीं. ज्या खुणेनें पेशी ओळखली, तीच शत्रूची शिरण्याची वाट ठरली.

या शोधाचा धागा भारतापर्यंत येऊन पोंचला. येथें १९८६ मध्यें या विषाणूचे पहिले बाधित आढळले; १९९२ मध्यें पुण्यास या रोगाच्या संशोधनासाठीं राष्ट्रीय संस्था निघाली; आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारनें विनामूल्य औषधोपचार सुरू केला. औषध कोणाला प्रथम द्यावयाचें, हें त्या काळीं बव्हंशीं सीडी ४ पेशींच्या मोजणीवर ठरे. घनमिलिमीटरला २०० हून कमी, म्हणजे उपचार तातडीचा. पुढें २०१७ पासून मोजणी कितीहि असली, तरी प्रत्येक बाधिताला औषध देण्याचें धोरण आलें. पण रुग्णाची प्रतिकारशक्ति किती उरली, हें पाहण्यास ती मोजणी अजूनहि उपयोगी पडते.

दवाखान्यांतून मिळालेला कागद उघडतांना कित्येक कुटुंबांनीं प्रथम शोधला तो हाच आंकडा. तो वाढलेला दिसला, कीं घरांत सुटकेचा निःश्वास पडे. त्या आंकड्यामागें एर्लिखचे रंग आहेत, केंब्रिजची एक अमर पेशी आहे, असंख्य मुक्या उंदरांचे प्राण आहेत, आणि आपापलीं नांवें बाजूला ठेवून एक सामायिक नांव स्वीकारणाऱ्या अनेक देशांच्या संशोधकांचा समंजसपणाहि आहे. शत्रूशीं लढावयाचें, तर आधीं आपलीं माणसें ओळखतां आलीं पाहिजेत, हा रणांगणावरील जुनाच नियम रक्ताच्या थेंबांतहि लागू पडतो.