सीएमएस म्हणजे काय? वेबसाइट बनवण्याची आणि सांभाळण्याची सोपी माहिती

समजा, बारामती एमआयडीसीत तुमच्या काकांचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. चार वर्षांपूर्वी वेबसाइट बनवून घेतली. आता फोन नंबर बदललाय, नवीन लेझर कटिंग मशीन आलंय, पण साइटवर सगळं जुनंच. चाकणच्या एखाद्या कंपनीने साइट बघून फोन केला तर तो लागणारच नाही आणि ऑर्डर दुसरीकडे जाईल. मग काका घरातल्या मोबाइलवाल्या पोरालाच विचारणार, "हे तुला बदलता येईल का रे?" साइट सीएमएसवर असेल तर उत्तर "हो" आहे.

सीएमएस म्हणजे नेमकं काय?

सीएमएस म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम. कोड न लिहिता वेबसाइटवरचा मजकूर, फोटो आणि पानं बदलू देणारं सॉफ्टवेअर. साध्या एचटीएमएल साइटमध्ये मजकूर आणि डिझाइन एकाच फाइलमध्ये असतं. २० पानांवर नंबर लिहिला असेल, तर २० फाइल्स उघडा. सीएमएस या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो:

- डेटाबेस: इथे मजकूर साठवलेला असतो.
- थीम: साइट कशी दिसेल ते ही ठरवते.
- प्लगइन: फॉर्म, फोटो गॅलरी अशा जादा सोयी.
- डॅशबोर्ड: लॉगिन करून बदल करायची जागा. ती मोबाइलच्या ब्राउझरमध्येही उघडते.

कोणी पान उघडलं की सर्व्हर डेटाबेसमधून मजकूर घेतो, थीममध्ये बसवतो आणि तयार पान पाठवतो. म्हणून फूटरमधला नंबर एकदा बदलला की सगळ्या पानांवर बदलतो.

कोणकोणते सीएमएस आहेत?

- वर्डप्रेस: २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलं. आज जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट्स यावर चालतात.
- ड्रुपल: २००१ पासून. मोठ्या संस्थांच्या गुंतागुंतीच्या साइट्ससाठी.
- जूमला: २००५ पासून. या दोघांच्या मधलं.

तिन्ही ओपन सोर्स आहेत, म्हणजे सॉफ्टवेअर फुकट. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे मात्र दरवर्षी भरावे लागतात.

जवळचं उदाहरण हवं असेल तर पुणे जिल्ह्याची अधिकृत वेबसाइट बघा. सरकारी कार्यालयांसाठी एनआयसीने 'एस-थ्री-वास' नावाची सेवा बनवली आहे आणि ही साइट त्यावर आहे. भरतीची जाहिरात किंवा टेंडर टाकायला दरवेळी प्रोग्रामर लागू नये, हाच अशा सेवेचा फायदा.

मराठी मजकूर टाकताना

काकांचं जुनं माहितीपत्रक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर थेट कॉपी-पेस्ट करू नका. साइटवर अगम्य अक्षरं दिसतील. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, तरच तो मजकूर गुगलवर मराठीत सापडेल.

खरं काम सांभाळण्याचं

साइट बनवणं एकदाच, सांभाळणं कायमचं. अपडेट न केलेली साइट म्हणजे कडी न लावलेलं शटर. हॅकर बहुतेक वेळा जुन्या प्लगइनमधूनच शिरतात. मग गुगल तुमच्या साइटच्या नावाखाली धोक्याची सूचना दाखवू शकतं. म्हणून:

१. सीएमएस, थीम आणि प्लगइन वेळच्या वेळी अपडेट करा. वापरात नसलेले प्लगइन काढून टाका.
२. बॅकअप डेटाबेस आणि फाइल्स दोन्हींचा घ्या. तो होस्टिंगवरच न ठेवता दुसरीकडे ठेवा.
३. टेलिग्रामवर फुकट मिळणारी पेड थीम वापरू नका. अशा कॉपीत अनेकदा व्हायरस दडवलेला असतो.
४. सगळ्यांना ॲडमिन करू नका. फक्त मजकूर टाकणाऱ्याला 'एडिटर' हा रोल पुरतो.

चाव्या कोणाच्या हातात?

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. साइट बनवणाऱ्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं आणि नंतर फोन उचलणं बंद केलं, तर सीएमएस कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. पुढच्या वर्षी डोमेन रिन्यू झालं नाही तर साइट बंद पडेल. व्हिजिटिंग कार्डवर छापलेला ईमेल त्याच डोमेनवर असेल तर तोही बंद. म्हणून शेवटचा हप्ता देण्याआधी या तीन गोष्टी मागून घ्या:

- डोमेनचं खातं, मालकाच्या नावावर आणि ईमेलवर
- होस्टिंगचं लॉगिन
- सीएमएसचं ॲडमिन लॉगिन

तिन्ही हातात आल्या की पासवर्ड लगेच बदला आणि रिन्यूअलची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. यानंतर साइट सांभाळायला बाहेरचा माणूस ठेवलात तरी हरकत नाही. तो बदलला तरी साइट तुमचीच राहील.