दत्तक, अनाथ, पालक : रायपूरच्या निमित्ताने

निराधार बालकांच्या संगोपनाचा इतिहास संस्थांच्या अहवालांत असतो, तसाच तो शब्दांच्या अर्थांतरांतही असतो. या दृष्टीने रायपूरचे उदाहरण लक्षणीय आहे. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. दत्तकाचा दावा डलहौसीने अमान्य केला आणि १८५४ मध्ये रायपूरसह ते राज्य खालसा झाले. त्या वादातील ‘दत्तक’ हा शब्द गादी, पिंड आणि वारसा यांच्याशी बांधलेला होता. वंशाला मुलगा हवा होता. मुलाला घर हवे, हा विचार त्यात नव्हता.

१८९६-९७ च्या दुष्काळाने तो विचार अटळ केला. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनेक निराश्रित मुलींना आणून आश्रय दिला. १८९६ मध्येच धोंडो केशव कर्वे यांनी ‘अनाथ बालिकाश्रम’ स्थापिला. तेथे ‘अनाथ’ या संज्ञेत तरुण विधवाही सामावल्या होत्या. नाथ म्हणजे रक्षणकर्ता. तो नसलेली व्यक्ती अनाथ. या अनाथपणावर तत्कालीन उत्तर आश्रम हेच होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मात्र १८६३ च्या बालहत्या प्रतिबंधक गृहानंतर एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतले. जातिबद्ध वंशकल्पनेला तो उघड छेद होता.

साहित्याने पालकत्वाचा विचार कायद्याच्या आधी केला. रवींद्रनाथांच्या ‘गोरा’तील आनंदमयी आणि रणजित देसाईंच्या ‘राधेय’ या शीर्षकातून सूचित होणारी राधा या दोघी जन्मदात्री नाहीत. तरीही नायकाची ओळख त्यांच्यावाचून पूर्ण होत नाही.

२००० मध्ये रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले. त्याच वर्षीच्या बाल न्याय कायद्याने दत्तकविधान, प्रतिपालन आणि प्रायोजकत्व यांना पुनर्वसनाचे मार्ग मानले. २०१५ च्या कायद्याने संस्थेतील निवास हा अखेरचा उपाय ठरविला. २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रतिपालक कुटुंबाला पाचऐवजी दोन वर्षांनंतर मूल दत्तक घेता येते. बालकाच्या दृष्टीने ही तीन वर्षे किरकोळ नव्हेत. त्या काळात ‘हे घर माझे का?’ हा प्रश्न त्याच्यापुढे उभाच असतो.

सारांश, ‘दत्तक’ शब्दाचा केंद्रबिंदू वंशाकडून बालकाकडे सरकला आहे. हे अर्थांतर कायद्यात झाले. व्यवहारात ते कितपत उतरले, याची कसोटी मात्र संस्थेत वाढणारे प्रत्येक मूलच आहे.