संध्याकाळी सातनंतर हँग होणारा कॉम्प्युटर

परवा बीडहून भाच्याचा फोन. "मामा, पीसीत नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं अन् तवापासून मशीन बंद पडायलंय. गेम चालू केला की दहा मिनिटांत काळा स्क्रीन. दुकानदारानं वापरलेला माल दिला बघा मला."

(हा स्क्रीन इतकी वर्षं निळा होता. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो काळा केला. दुःख तेच, रंग नवा.)

पण त्याचं शेवटचं वाक्य ऐकून पोटात कसंतरीच झालं. जवळजवळ याच शब्दांत मी २००३ साली अंबाजोगाईत एका मुलाला चारचौघांत बोललो होतो. घरच्या मंडळींना यातली निम्मी गोष्ट माहीत आहे. उरलेली निम्मी लिहायची बरीच वर्षं टाळली, आज लिहूनच टाकतो.

तेव्हा माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, मार्चमध्ये प्रबंध, निवडणुका आल्या की हँडबिलं. सगळा संसार एका सेकंडहँड पेंटियमवर. तो बिघडला की हा मुलगा यायचा. आयटीआय झालेला, विशीतला, सायकलला पिशवी अडकवलेली. पिशवीत दोन स्क्रू-ड्रायव्हर, मल्टिमीटर आणि एक खोडरबर. रॅमच्या पट्टीची सोनेरी टोकं खोडरबरने पुसून परत बसवली की निम्मी मशिनं चालू होतात, हे मी त्याच्याकडूनच शिकलो.

त्याच्यावर माझा विश्वास बसला तो मोडेमच्या वेळी. मी जुन्या बाजारातून एक मोडेम कार्ड आणून मोठ्या हौसेने बसवलं. नंबर डायल केला की ते कर्कश्श किर्र्र सुरू व्हायचं आणि त्याच क्षणी माउसचा बाण जागच्या जागी थिजायचा. फोन तोडला तरी हलायचा नाही. विंडोज दोनदा नव्याने टाकलं, काही फरक नाही.

त्याने कार्ड काढलं, त्यावरची नखाएवढी प्लास्टिकची टोपी (जंपर म्हणतात तिला) एका खिळ्यावरून उचलून शेजारच्या खिळ्यावर घातली आणि कार्ड परत बसवलं. झालं काम. मी थक्क!

यामागचा इतिहास मला नंतर वाचून कळला, आणि तो मजेशीर आहे. प्रोसेसरचं लक्ष वेधून घ्यायला प्रत्येक पार्टाला एक तार लागते. वर्गात पोराने हात वर करावा तसं. आयबीएमने १९८१ साली पहिला पीसी काढला त्यात अशा आठच तारा होत्या. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये दुसरी चिप जोडून त्या सोळा केल्या. पण दोन चिपा एकमेकींना जोडण्यातच एक तार खर्ची पडली, उरल्या पंधरा. घड्याळ, कीबोर्ड, फ्लॉपी, प्रिंटर, हार्डडिस्क यांनी एसटीत रुमाल टाकावा तशा आपापल्या जागा आधीच धरलेल्या. कॉम-१ आणि कॉम-३ या दोन पोर्टांना तर चौथी तार सामाईकच. माझा माउस कॉम-१ वर, मोडेम कॉम-३ वर. दोघांनी एकदम हात वर केला की बिचारा माउस गप्प.

आयबीएमने पहिल्यापासून स्लॉट मोकळे ठेवले होते, कोणीही कार्ड बनवावं, कोणीही खोचावं. म्हणून तर पीसी जगभर पसरला आणि अंबाजोगाईपर्यंत आला. पण कुठल्या कार्डाने कुठली तार घ्यायची हे ठरवणारं घरात कोणी वडीलधारं नव्हतं. ते काम मशीनने स्वतः करावं म्हणून विंडोज ९५ मध्ये 'प्लग अँड प्ले' आलं. लोकांनी त्याचं 'प्लग अँड प्रे' केलं, म्हणजे खोचा आणि हात जोडा. :) १९९६ मध्ये यूएसबी आलं, त्यात आपल्या बडोद्याला शिकलेल्या अजय भट्ट यांचा मोठा वाटा. पण २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात, खुद्द बिल गेट्स शेजारी उभे असताना, त्यांच्या सहकाऱ्याने विंडोज ९८ दाखवायला यूएसबीचा स्कॅनर जोडला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळा स्क्रीन. गेट्स म्हणाले, म्हणूनच आम्ही हे अजून विकायला काढलेलं नाही. लोक हसले. आपल्या दुकानात असं झालं की गिऱ्हाईक हसत नाही, ॲडव्हान्स परत मागतं.

असो. आता २००३.

लग्नसराईच्या तोंडावर मी त्याच्याकडूनच रॅमची एक जादा पट्टी आणि सीडी रायटर बसवून घेतला. पहिले दोन दिवस मशीन असं पळालं की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पत्रिका अर्धी जुळवलेली असताना स्क्रीन गोठला. कीबोर्डचा दिवासुद्धा लागेना. बटण दाबून बंद, परत चालू, तासाभरात परत तेच. रोज. एकदा तर सेव्ह न केलेला अख्खा प्रबंध गेला. त्या विद्यार्थ्याचा चेहरा अजून आठवतो.

मी माझ्या परीने शोध लावला. नवीन रॅम आणि रायटर काढून ठेवले. आठवडाभर मशीन एकदाही गोठलं नाही. परत बसवले, त्याच संध्याकाळी हँग. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? मुलगा दुकानात आला तेव्हा दोन-तीन गिऱ्हाइकं बसलेली. त्यांच्यासमोर मी म्हणालो, वापरलेला माल नवा म्हणून दिलास. माझी जुनी पट्टीपण बदलून नेली असशील.

तो एवढंच म्हणाला, "सर, पट्टी खराब असती तर दिवसाबी हँग झालं असतं. रातच्यालाच का हुतंय?"

मी ऐकलं नाही. तो पैसे न घेताच गेला आणि परत आला नाही.

पुढच्या महिन्यात औरंगाबादला मेहुण्याकडे गेलो तेव्हा ते पार्ट घेऊन गेलो. त्यांच्या मशीनमध्ये घालून रॅम तपासायचा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालवला. सकाळी बघतो तर एकही चूक नाही. रायटरने चार सीड्या बिनतक्रार लिहिल्या. मला तिथेच घाम फुटला.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग बोलावून आण की त्याला. तोंड नाही का?" शेवटी धाकट्या भावाला पाठवलं. (हो, मी गेलो नाही.) मुलगा आला तो साडेसात वाजता. माझ्याशी अक्षरही बोलला नाही. मल्टिमीटरच्या सुया भिंतीच्या सॉकेटमध्ये घातल्या: १६८ व्होल्ट. असायला हवेत २३०. मग मशीन उघडून एसएमपीएसच्या पिवळ्या वायरवर मीटर लावला. १२ व्होल्टच्या जागी १०.९. लाल वायरवर ५ च्या जागी ४.६. या वायरींवर पाच टक्क्यांपेक्षा जास्त घट चालत नाही, म्हणजे ११.४ आणि ४.७५ च्या खाली गेलं की मशीनचं डोकं ठिकाणावर राहात नाही. माझा एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला. जुना बोजा तो कसाबसा ओढत होता, रॅम आणि रायटर वाढले आणि संध्याकाळच्या व्होल्टेजला त्याने मान टाकली. दिवसा सगळं ठीक. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी वर्षापूर्वीच मेलेली, मी तो नुसता शोभेला ठेवलेला.

आणि हे पंचवीसेक किलोमीटरवर परळीचं औष्णिक वीज केंद्र असताना! १९७१ पासून तिथे वीज तयार होते आहे. लहानपणी मला वाटायचं, वीज सगळ्यांत आधी आपल्याला मिळत असणार, विहिरीशेजारच्या घराला पाणी मिळतं तसं. पण ती वीज जाते मोठ्या जाळ्यात. आपल्यापर्यंत येते ती गल्लीतल्या डीपीतून, आणि त्या डीपीवर दरवर्षी चार कूलर, दोन फ्रीज, गावाकडे पाण्याच्या मोटारी आणि आकडे चढत जातात. डीपी तीच. जळाली की ज्याने शेवटची मोटार जोडली त्याला शिव्या. (पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळात पाणीच नाही म्हणून परळीचे संच बंद ठेवावे लागले, तो वेगळाच विषय.)

मुलाने नवीन एसएमपीएस टाकला, स्टॅबिलायझर लावला, आणि रॅम-रायटर परत बसवले. ते मशीन २००८ पर्यंत चाललं. पैसे त्याने पार्टांचे घेतले, मजुरी घेतली नाही. घेतली असती तर मला बरं वाटलं असतं. मी "तुझं बरोबर होतं" असं काहीतरी पुटपुटलो. पण ज्या गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो त्यांना बोलावून कधी सांगितलं नाही, आणि त्यातल्या एकाने नंतर त्याच्याकडून काम करून घेणं बंद केलं, हे मला पक्कं माहीत आहे.

भाच्याला मी विचारलं, "एसएमपीएस किती वॅटचा?"

"तो जुनाच आहे मामा. कॅबिनेटसोबत आलेला."

"मग दुकानदाराला अजून काही बोलला नाहीस ना?"

"नाही. उद्या जाणार होतो."

त्याला जायचं नाही म्हणून बजावलं आणि अंबाजोगाईच्या त्या मुलाचा नंबर दिला. मुलगा कसला, आता पन्नाशीकडे आला असेल. बीडलाही कामं घेतो असं कानावर होतं. दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन.

"मामा, त्यांनी विचारलं नंबर कुणी दिला. तुमचं नाव सांगितलं, तर जरा वेळ गप्पच बसले."

"मग?"

"मग म्हणाले, शनिवारी येतो. पण संध्याकाळी सातनंतर."