परळ (गावाचा इतिहास)

परळ हा मध्य मुंबईतील एक भाग असून तो मूळचा एक स्वतंत्र गाव होता. मुंबई ज्या सात बेटांची मिळून बनली, त्यांपैकी एक बेट परळच्या नावाने ओळखले जाई. पूर्वेस शिवडी, दक्षिणेस लालबाग, पश्चिमेस प्रभादेवी व उत्तरेस नायगाव-दादर असा या भागाचा परिसर आहे. गावाची जुनी घरे व शेते आता उरलेली नाहीत. त्याचा इतिहास मुख्यत्वे एक शिल्प, एक वास्तू, काही स्थलनामे आणि रहिवाशांच्या आठवणी यांवरून जाणून घ्यावा लागतो.

नावाची व्युत्पत्ती

परळ हे नाव पाडळ (पाटला) वृक्षावरून आले असावे, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ते परळी वैजनाथ महादेवाच्या देवळावरून पडले. भोईवाडा, पोयबावडी यांसारखी नावे जुन्या वस्तीच्या खुणा होत. भोई म्हणजे पालखी वाहणारे, तर बावडी म्हणजे विहीर.

प्राचीन काळ

१९३१ साली परळहून शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्याचे काम चालू असताना तीन मीटरांहून अधिक उंचीचे एक अखंड शैव शिल्प सापडले. मध्यभागी एकावर एक अशा तीन आणि दोन्ही बाजूंस दोन-दोन, अशा सात मूर्ती त्यात असून पायथ्याशी वाद्ये वाजविणारे गण आहेत. त्याचा काळ सामान्यतः इ. स. च्या पाचव्या-सहाव्या शतकांतील मानला जातो. हे शिल्प परळच्या बारादेवी मंदिरात असून त्याची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मुंबईचा इतिहास युरोपीय सत्तांपासून सुरू होतो, या समजुतीला हे शिल्प छेद देते.

मठ, राजभवन व प्रयोगशाळा

१५३४ च्या तहाने ही बेटे पोर्तुगीजांकडे गेली. त्यांच्या काळात परळ येथे ख्रिस्ती मठ व चर्च उभे राहिले. ते वैजनाथाच्या देवळाच्या जागी बांधले गेले, अशी परंपरागत समजूत आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही मालमत्ता इंग्रजांनी ताब्यात घेतली. पुढे विल्यम हॉर्नबी (कारकीर्द १७७१ ते १७८४) यांच्यापासून गव्हर्नर तेथे राहू लागले. वरळीजवळची खाडी बांध घालून बंद करण्याचे काम हॉर्नबी यांच्याच काळात झाले. त्यानंतर सखल जमिनीत भरणी होत गेली आणि परळचे बेटपण संपुष्टात आले.

१८८० च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचे पटकीने निधन झाले व कालांतराने गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंट येथे हलला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. तिच्यावरील लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली याच वास्तूत सुरू झाली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. १९२६ साली केईएम रुग्णालय व १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. देशभरातील रुग्णांना परळ हे नाव आज मुख्यतः या रुग्णालयांमुळे परिचित आहे.

गिरणगाव

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परळ, लालबाग व आसपासच्या भागांत कापड गिरण्या उभ्या राहिल्या. कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांनी चाळी भरून गेल्या. एकाच गावचे कामगार वर्गणी काढून सामाईक खोली भाड्याने घेत. पाळीनुसार तेथे झोपण्याची सोय होई, जेवण खानावळीत असे. भजनी मंडळे, व्यायामशाळा व गणेशोत्सव यांमधून या वस्तीला स्वतःचे सामाजिक जीवन लाभले. अशा रीतीने मूळचे गाव नाहीसे होत असताना त्याच भूमीवर अनेक गावांची गावकी नांदू लागली.

परळच्या दामोदर सभागृहात ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बोलावलेली सभा झाली. तिच्यातूनच त्या वर्षीच्या जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली.

गिरण्यांनंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग महापालिकेला, एक गृहनिर्माणाला व एक मालकाला, अशी वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. परिणामी सार्वजनिक उपयोगासाठी मिळणारी जमीन बरीच घटली आणि गिरण्यांच्या जागी व्यापारी संकुले व उंच इमारती आल्या.

अभ्याससाधने

गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) हे गिरण्यांच्या भरभराटीपूर्वीच्या मुंबईची माहिती देणारे महत्त्वाचे मराठी साधन आहे. गिरणगावातील रहिवाशांच्या मौखिक आठवणी नीरा आडारकर व मीना मेनन यांनी संकलित केल्या असून त्यांचा ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. शासकीय दप्तरांत जमिनी, इमारती व अधिकारी यांच्या नोंदी आढळतात. चाळीतील दैनंदिन जीवनाच्या नोंदी त्या मानाने विरळ आहेत. चाळींचा पुनर्विकास व जुन्या पिढीचा अस्त एकाच वेळी होत असल्याने, परळच्या इतिहासाचा हा भाग नोंदवून ठेवण्यास उपलब्ध असलेला काळ मर्यादित आहे.