काळे पाणी, निळे पाणी : ‘सावरणे’ या क्रियापदाविषयी

‘काळे पाणी’ हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. समुद्र ओलांडणाऱ्याला वाळीत टाकणारा जुना निषेध, १० मार्च १८५८ रोजी अंदमानच्या किनाऱ्यावर उतरवलेली दोनशे बंदिवानांची पहिली तुकडी, १९०६ मध्ये पूर्ण झालेले सेल्युलर जेल आणि १९११ ते १९२१ या काळातील सावरकरांचा तेथील कारावास, एवढा सगळा इतिहास या दोन शब्दांत साठलेला आहे. आज मात्र त्याच पाण्याची जाहिरात ‘भारतातील सर्वांत नितळ निळे पाणी’ अशी होते. पाठीवर हवेची टाकी बांधून त्यात उतरण्यासाठी पुण्या-मुंबईची तरुण मंडळी आगाऊ पैसे भरून जातात. शब्दाचा रंग असा बदलत असताना मधल्या काळात काय काय घडले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

स्कूबासाठी प्रसिद्ध असलेले बेट म्हणजे हॅवलॉक. १८५७ च्या उठावात कानपूर-लखनौच्या मोहिमांत इंग्रजी फौजेचे नेतृत्व करणाऱ्या सेनानीचे नाव या बेटाला दिलेले होते. २०१८ मध्ये ते बदलून ‘स्वराज द्वीप’ असे करण्यात आले. बेटावरची गावे मात्र गोविंदनगर, श्यामनगर, राधानगर अशा नावांची आहेत. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना येथे वसवले गेले, त्यांनी आपले देव बरोबर आणले. पाण्याखालच्या काही प्रसिद्ध जागांना करेन पाणबुड्यांची नावे आहेत. हा करेन समाज १९२५ पासून ब्रह्मदेशातून जंगलकामासाठी आणला गेलेला. म्हणजे जेथे आपण सुट्टी घालवायला जातो, ते बेट मुळात उखडल्या गेलेल्या माणसांनी वसवलेले आहे. पुन्हा उभे राहणे ही गोष्ट त्यांना २००४ साली प्रथम शिकावी लागली असे नाही.

योगायोग असा, की ‘टाइम’ या साप्ताहिकाने राधानगरच्या किनाऱ्याला आशियातील सर्वोत्तम किनारा ठरवले, तेही २००४ मध्येच. त्याच वर्षी २६ डिसेंबरला, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास, सुमात्राच्या पश्चिमेस समुद्रतळ फाटला. ही फाट उत्तरेकडे सरकत सुमारे तेराशे किलोमीटर अंतर कापून अंदमानपर्यंत पोहोचली. हिंदी महासागराच्या काठावरील देशांत मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली. अंदमान-निकोबारचा अधिकृत आकडा मृत व बेपत्ता मिळून सुमारे साडेतीन हजारांचा आहे आणि त्यांतील बहुसंख्य निकोबारातील आहेत.

लाटेची चित्रे सर्वांनी पाहिली. भूमीचे काय झाले, हे तितकेसे कोणी लक्षात घेतले नाही. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर, काही ठिकाणी त्याहूनही अधिक, वर उचलला गेला. दक्षिणेकडे निकोबार बेटे खचली. देशाचे दक्षिण टोक असलेल्या इंदिरा पॉइंटची जमीन सव्वाचार मीटरने खाली गेली आणि दीपस्तंभाचा पायथा पाण्यात आला. उत्तरेत प्रवाळ उघडे पडून उन्हात मेले, दक्षिणेत नारळीच्या बागा खाऱ्या पाण्यात उभ्या राहून सुकल्या. एकाच क्षणी एका टोकाला समुद्राने माघार घेतली आणि दुसऱ्या टोकाला अतिक्रमण केले.

या घटनेचा दस्तऐवजही समुद्रानेच ठेवला. उथळ पाण्यातील काही प्रवाळ ओहोटीच्या पातळीच्या वर वाढू शकत नाहीत, आणि झाडाच्या खोडातल्या वलयांप्रमाणे त्यांच्या सांगाड्यात वर्षावर्षाच्या वाढीचे थर असतात. जमीन वर गेली की वरचा भाग मरतो. खाली गेली की वाढीला पुन्हा जागा मिळते. अशा प्रवाळांवरून भूशास्त्रज्ञांनी सुमात्राच्या किनाऱ्यावरील कित्येक शतकांच्या भूकंपांची बखर वाचली आहे. जुन्या हस्तलिखितातील खाडाखोडीवरून पाठाचा इतिहास शोधणाऱ्या आपल्यासारख्यांना ही पद्धत परकी वाटू नये.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे हॅवलॉकला पाण्याखाली उतरलो. आम्ही पाणबुडे नव्हे, पोहणेही बेताचेच. नवख्यांना बारा मीटरपलीकडे नेत नाहीत, आणि प्रशिक्षक सतत टाकीला धरून असतो. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, म्हणून नाक दाबून कान मोकळे करीत उतरायचे आणि काही झाले तरी श्वास रोखायचा नाही, एवढे दोन नियम पाठ करून घेतले जातात. खुणांची भाषाही शिकवतात. अंगठा वर केला, तर त्याचा अर्थ ‘छान’ असा नव्हे, ‘वर न्या’ असा होतो. आमच्यातील एकाने आनंदाच्या भरात अंगठा दाखवला आणि त्याला तत्काळ वर आणण्यात आले. चिन्हाचा अर्थ संदर्भावर अवलंबून असतो, हे वर्गात वर्षानुवर्षे सांगूनही आम्हांला ते त्या दिवशी नीट कळले.

तळाशी रंगीत मासे होतेच. त्यांच्याखाली मोडलेल्या फांद्यांसारख्या प्रवाळांचा पांढुरका खच पसरलेला होता आणि त्यावर मधूनच मुठीएवढ्या नव्या वसाहती धरलेल्या होत्या. वर आल्यावर आम्ही अर्थातच विचारले, हे त्सुनामीचे ना? प्रशिक्षक म्हणाला, थोडे तिचे असेल. पण उथळ पाण्यातले बरेचसे २०१० च्या उन्हाळ्यातले. त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले त्याला अन्न आणि रंग देतात. उष्णतेने त्रासलेला प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि ताप लांबला तर मरतो. १९९८ मध्ये हे झाले होते, २०१६ मध्ये पुन्हा झाले. २०२४ मध्ये तर जगभरातील प्रवाळांवर चौथे सार्वत्रिक विरंजन आल्याचे जाहीर झाले.

आमच्या प्रश्नातील चूक तेथेच लक्षात आली. २६ डिसेंबरला तारीख आहे, म्हणून दिसेल तो प्रत्येक घाव आम्ही त्या तारखेच्या नावे मांडत होतो. संथ आपत्तीला लाट नसते, स्मृतिदिनही नसतो. इतिहासलेखनाला घटना लागते. समुद्राला नुसते दोन अंश पुरतात.

आणखी एक गोष्ट आम्हांला परतल्यावर अस्वस्थ करीत राहिली. ‘अंदमान सावरले’ असे आपण सहज म्हणतो. ते हॅवलॉक पाहून म्हणतो. जेथे निकोबारइतका विनाश झालाच नव्हता. निकोबार १९५६ च्या आदिम जमाती संरक्षण विनियमाखाली पर्यटकांना बंद आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे तेथील सावरणे आपल्या नजरेच्या टप्प्यात येत नाही. निकोबारी समाजात ‘तुहेत’ नावाचे विस्तारित कुटुंब जमीन आणि नारळीच्या बागा सामाईक राखत असे. मदत आली ती पत्र्याच्या निवाऱ्यांच्या आणि नंतर सुट्या कुटुंबांसाठी बांधलेल्या घरांच्या रूपाने. घर मिळाले, पण ‘तुहेत’ला त्या आराखड्यात जागा नव्हती. ग्रेट निकोबारच्या किनाऱ्यावरील कुटुंबे कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत आणली गेली. जुन्या गावी परत जाऊ द्या, ही त्यांची मागणी वर्षानुवर्षे कायम राहिली. दरम्यान त्याच बेटावरील बंदर, विमानतळ आणि नगराच्या प्रकल्पाला २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली.

मराठीत ‘सावरणे’ हे क्रियापद अकर्मकही आहे आणि सकर्मकही. ‘तो सावरला’ आणि ‘तिने त्याला सावरले’ या दोन्ही वाक्यांत ते चालते. ‘अंदमान सावरले’ या वाक्याची गंमत अशी, की ते दोन्ही प्रकारे वाचता येते आणि दोन्ही वाचनांत माणूस गळतो. बेट आपोआप सावरले म्हणावे, तर पाण्यात उभ्या सुकलेल्या बागा पुन्हा लावणारे हात दिसत नाहीत. कोणीतरी त्याला सावरले म्हणावे, तर तो कर्ता वाक्यात येतच नाही.

पाण्याखाली उतरू नये, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. उलट, जरूर उतरावे. काळे पाणी निळे झाले ही आनंदाचीच गोष्ट आहे, आणि त्या पाण्यावर हॅवलॉकची अनेक घरे चालतात. फक्त वर आल्यावर, मासे कोणते पाहिले हे सांगून झाले की, त्या पांढुरक्या खचाविषयीही विचारावे. आणि कोणी ‘सगळे सावरले’ असे म्हणाले, तर शाळेत वाक्य सोडवताना शिकवलेला पहिलाच प्रश्न करावा : कोण?