क्रॉस-कंट्री अश्वारोहणातील कडियाळ्याची निवड

लगामाचा जो भाग घोड्याच्या तोंडात बसतो त्याला कडियाळे म्हणतात. संस्कृतात त्यासाठी खलीन आणि कविका हे शब्द असून दोन्ही अमरकोशात आले आहेत. व्यवहारात 'लगाम' हा शब्द सबंध साजासाठी सैलपणे वापरला जातो. या लेखात मात्र तोंडातील भागाला कडियाळे, डोक्यावरील पट्ट्यांना म्होरकी आणि स्वाराच्या हातातील पट्ट्यांना वाद्या म्हटले आहे. क्रॉस-कंट्री म्हणजे मोकळ्या रानातून, पक्क्या अडथळ्यांवरून केलेली वेगवान दौड. या दौडीत हातातून निसटू पाहणाऱ्या जोरकस घोड्यासाठी योग्य कडियाळे निवडणे हा अश्वारोहणातील वादाचा विषय आहे. (अशा घोड्याला येथे 'ओढाळ' म्हटलेले नाही, कारण मराठीत तो शब्द चुकार गुरांसाठी रूढ आहे.)

प्रश्नाचे स्वरूप

क्रॉस-कंट्री हा इव्हेंटिंग या स्पर्धाप्रकाराचा मधला व सर्वांत कसोटीचा टप्पा आहे. त्याच्या जोडीला ड्रेसाज आणि शो जंपिंग हे दोन टप्पे असतात. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून इव्हेंटिंगचा समावेश ऑलिंपिकमध्ये आहे. भारताने १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत या प्रकारात वैयक्तिक व सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदके मिळवली होती.

सर्वोच्च श्रेणीत अपेक्षित वेग मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे सेकंदाला साडेनऊ मीटर असतो. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक सेकंदाला ०.४ दंडगुण बसतात. रिंगणात शांत असणारा घोडा मोकळ्या मैदानात उधळल्यासारखा पळू लागतो, कारण कळपाने धावणे हा त्याचा स्वभावच आहे. अशा घोड्याला आवरण्यासाठी स्वाराने वीस अडथळ्यांपूर्वी प्रत्येकी एक सेकंद जरी गमावला, तरी आठ दंडगुण होतात.

परंतु खरा धोका गुणांचा नाही. मान वर ताणून, लांब आणि सपाट झेपांनी येणाऱ्या घोड्याला अडथळ्याचा अंदाज घेता येत नाही. पुढचे पाय न हलणाऱ्या ओंडक्यावर आदळले तर तो कोलांटी घेऊन पलीकडे पडतो आणि स्वार त्याच्याखाली सापडू शकतो. या क्रीडाप्रकारातील सर्वांत घातक अपघात हाच. उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. जहाल कडियाळ्याने ऐन उडीच्या क्षणी तोंड आवळले गेले, तर घोड्याला मान लांबवता येत नाही, तोल सावरता येत नाही, आणि पुढच्या वेळी तो उडी मारायलाच कचरतो. म्हणून 'घोडा थांबतो का' एवढ्याच कसोटीवर कडियाळे निवडणे चुकीचे ठरते. सुमारे ५०० किलो वजनाच्या जनावराला कोणताही स्वार निव्वळ बळाने थांबवू शकत नाही. कडियाळे हे इशारा पोचवण्याचे साधन आहे.

कार्यतत्त्व

घोड्याच्या पुढच्या दातांच्या व दाढांच्या मध्ये दात नसलेली मोकळी जागा असते आणि कडियाळे तेथे बसते. त्याचा दाब जीभ, हिरडीची कड, ओठांचे कोपरे आणि प्रकारानुसार टाळू, हनुवटी किंवा कानांमागचा माथा यांवर पडतो.

स्नॅफल या साध्या प्रकारात वादी थेट तोंडातील दांडीच्या कडीला जोडलेली असते, त्यामुळे हाताचा जोर जेवढा असेल तेवढाच तोंडापर्यंत पोचतो. एका सांध्याच्या स्नॅफलपेक्षा दोन सांध्यांचा स्नॅफल जिभेभोवती अधिक सारखा बसतो.

पेलहॅम व किंबलविक (हे इंग्लंडच्या बकिंगहॅमशर परगण्यातील एका खेड्याचे नाव) हे तरफेच्या तत्त्वावर चालतात. समजा, दांडीच्या वरची भुजा ५ सेंमी व खालची १० सेंमी आहे. खालच्या कडीला लावलेली वादी जेवढ्या जोराने ओढली जाईल, त्याच्या सुमारे दुप्पट ताण हनुवटीच्या साखळीवर आणि सुमारे तिप्पट दाब तोंडातील दांडीवर येतो. शाळेत शिकलेली तरफ येथे एका जिवंत जबड्यावर काम करत असते, हे विसरता कामा नये.

गॅग प्रकारात कडियाळे ओठांच्या कोपऱ्यांत वर सरकते व डोके उचलले जाते. वॉटरफर्ड हे गोळ्यांच्या साखळीसारखे लवचीक असते, त्यामुळे घोड्याला ते दातांत धरून त्यावर रेलता येत नाही.

आधी तपासायच्या बाबी

नवे कडियाळे घेण्यापूर्वी घोडा का ओढतो हे पाहणे आवश्यक आहे. वेदना हे त्याचे एक सामान्य कारण आहे. टोकदार झालेल्या दाढा, पहिल्या दाढेपुढे काही घोड्यांना येणारा बारीक खुंटासारखा दात, पाठीला रुतणारे खोगीर किंवा चुकीच्या मापाचे कडियाळे यांमुळे घोडा वेदनेपासून दूर पळतो आणि स्वाराला वाटते की तो मस्तवाल झाला आहे. अशा वेळी अधिक जहाल कडियाळे घातल्यास घोडा आणखीच पळतो. जाड दांडी नेहमी सौम्य असते, हाही एक गैरसमज आहे. तोंड लहान आणि जीभ मांसल असेल तर तिला जागाच उरत नाही. श्रमाच्या मानाने जास्त दाणा, अपुरा व्यायाम आणि स्वाराचा बिघडलेला तोल हीही कारणे असतात. वाद्यांना धरूनच खोगिरावर टिकणाऱ्या स्वाराच्या हाती तरफेचे कडियाळे देऊच नये.

ओढण्याची तऱ्हा आणि निवड

सगळे जोरकस घोडे एकाच तऱ्हेने ओढत नाहीत. जो घोडा डोके खाली घालून सगळा भार स्वाराच्या हातावर टाकतो, त्याला डोके उचलणारे गॅग उपयोगी पडते. केवळ कडियाळे धरून रेलण्याची खोड असेल तर वॉटरफर्ड पुरेसे होते, मात्र ते आलटून पालटून ओढून तोंडात करवतीसारखे फिरवू नये.

याउलट डोके वर फेकून, पाठ पोकळ करून पळणाऱ्या घोड्याला गॅग दिल्यास दोष वाढतो. त्याला हनुवटीवर दाब देणारे पेलहॅम किंवा किंबलविक अधिक मानवते. सोबत छातीवरून येणारा व कड्यांतून वाद्या ओवलेला सरकता मार्टिंगेल पट्टाही वापरतात. जबडा फाकवून किंवा वाकडा करून दाब चुकवणाऱ्या घोड्यासाठी अनेकदा कडियाळे बदलावेच लागत नाही. नाकावर फुलीसारखी बांधली जाणारी नाकपट्टी पुरते. १९३१ ची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकणाऱ्या ग्रॅकल या घोड्यावरून तिला ग्रॅकल असे नाव पडले.

दाबाला भिऊनच पळणारा घोडा ओळखणे सर्वांत अवघड असते. त्याला रबरी वा दोन सांध्यांचे सौम्य कडियाळे देऊन पाहावे. काही घोडे अशा बदलाने आश्चर्य वाटावे इतके शांत होतात.

पेलहॅम व गॅगला दोन वाद्या लावता येतात. एरवी सौम्य वादीवर घोडा चालवून दुसरी गरजेपुरती वापरायची, ही पद्धत घोड्याच्या दृष्टीने सर्वांत न्याय्य आहे. पाण्यात वा उतारावर दोन वाद्या सांभाळणे कठीण जाते म्हणून पुष्कळ स्वार जोडपट्टी लावून एकच वादी ठेवतात. मात्र त्यात हा भेद नाहीसा होतो. नवे कडियाळे आधी घरच्या मैदानावर व सरावाच्या दौडीत आजमावतात. दाब दिल्यावर घोडा जेवढ्यास तेवढे उत्तर देतो का, आणि हात सैल केल्यावर मान पुढे सोडतो का, या दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात.

इतिहास आणि नियम

इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वारोहणावरील ग्रंथात घोड्यासाठी किमान दोन कडियाळी ठेवण्यास सांगितले आहे, एक गुळगुळीत व एक खरबरीत. खरबरीतामुळे घोड्याने ते दातांत धरणे सोडावे आणि मग गुळगुळीतावर सुखाने चालावे, असा त्याचा हेतू होता.

आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या नियमांनुसार ड्रेसाजच्या टप्प्यात मोजकीच कडियाळी चालतात. क्रॉस-कंट्रीत गॅग आणि कडियाळ्याविना नाकावर दाब देणारा हॅकमोर यांनाही मुभा आहे. जखम करू शकणारी साधने आणि डोके बांधून ठेवणारे स्थिर मार्टिंगेल निषिद्ध आहेत. घोड्याच्या तोंडात रक्त दिसल्यास अधिकारी त्याला थांबवून तपासू शकतात.